वॉकिंग फुटबॉल: पन्नाशीनंतर खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉकिंग फुटबॉल म्हणजे नेमकं काय?

धावायला बंदी असलेला फुटबॉल. चेंडू तोच, गोल करायचा तोच, पण खेळाडूचा एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. धक्काबुक्की नाही, घसरून टॅकल (समोरच्याच्या पायातला चेंडू हिसकावणं) नाही, चेंडू डोक्यावरून उडवणं नाही. एका बाजूला साधारण ५ ते ७ जण असतात. इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथे २०११ मध्ये हा खेळ संघटित स्वरूपात सुरू झाला आणि तिथून बाहेर पसरला. पुरुषांसाठी वयाची अट बहुतेक ठिकाणी ५० च्या पुढची असते. पुढे ६०, ६५, ७० असे गट पडतात.

हा 'म्हाताऱ्यांसाठी सोपा केलेला फुटबॉल' आहे असं समजून येणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांतच गोंधळतो. वेग काढून घेतला की उरतात पहिला स्पर्श, पासची दिशा आणि कुठे उभं राहायचं याची समज. ज्याने आयुष्यभर वेगावर निभावून नेलं, त्याच्याकडे इथे दाखवायला फारसं काही नसतं.

चालणं कुठे संपतं आणि धावणं कुठे सुरू होतं?

दोन्ही पाय एकाच क्षणी हवेत गेले की ते धावणं. गती कितीही असो. संथ जॉगिंगही धावणंच, आणि झपाझप टाकलेली पावलं चालणंच. चालण्याच्या शर्यतीत पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ असावा लागतो, तशी अट इथे सहसा नसते.

पंचाने चेंडूकडे कमी आणि पायांकडे जास्त बघावं. धावणं हमखास सापडतं ते तीन ठिकाणी: सुटलेल्या चेंडूमागे जाताना, बचावात मागे परतताना आणि मोकळ्या गोलासमोर. शरीर पुढे झुकलं, हाताचे कोपर काटकोनात वाकले आणि टाच जमिनीला लागेनाशी झाली, की माणूस पळतोय हे लांबूनही कळतं. चेंडू जवळ नसलेला खेळाडू पळाला तरी तो फाऊलच, हे नवीन पंच विसरतात.

शिक्षा म्हणजे समोरच्या संघाला फ्री किक. पुन्हा पुन्हा तेच झालं तर बऱ्याच ठिकाणी खेळाडूला काही मिनिटं बाहेर बसवतात. शिट्टी पहिल्याच वेळी वाजवा. पहिली पाच मिनिटं सोडून दिली की सगळेच धावू लागतात, आणि मग कोणालाच थांबवता येत नाही.

बाकीचे नियम कोणते?

तपशील जागोजागी बदलतो, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही संघांनी ठरवून घ्यावं. सर्वसाधारण चौकट अशी: ऑफसाइड (समोरच्या बचावापलीकडे उभं राहून पास घेण्यावरची बंदी) नाही. चेंडू बाजूने बाहेर गेला तर हाताने न फेकता रेषेवरून पायाने आत ढकलायचा. चेंडू ठरावीक उंचीच्या वर गेला तर फाऊल. ही मर्यादा काही ठिकाणी डोक्याइतकी, काही ठिकाणी गोलच्या आडव्या दांड्याइतकी. हेडिंग नाही. मागून टॅकल नाही. फ्री किकच्या वेळी समोरच्याने साधारण ३ मीटर लांब राहायचं. गोलकीपरने आपल्या चौकटीबाहेर यायचं नाही, आणि अनेक गटांत इतरांनी त्या चौकटीत शिरायचं नाही. चेंडूला सलग तीनच स्पर्श, हा नियम काही जण लावतात. तो लावावा असं आम्ही सुचवतो, कारण चेंडू अडवून ठेवणारा एक जण बाकीच्या अकरांचा व्यायाम बंद करतो.

धावायचंच नाही, तर व्यायाम कसला होणार?

होतो. सपाट रस्त्यावरच्या फेरफटक्यात गती एकसारखी असते. इथे दर काही सेकंदांनी निघणं, थांबणं, वळणं, बाजूला सरकणं चालू असतं, आणि प्रत्येक वेळी शरीराचं वजन नव्याने उचलावं लागतं. पोटऱ्या, मांड्या, कंबर आणि तोल सांभाळणारे छोटे स्नायू सगळे कामाला लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि ३ दिवस तोलाचा समावेश असलेला व्यायाम करावा. पाऊण तासाचे दोन खेळ म्हणजे ९० मिनिटं. तोलाचं काम त्यात आपोआप येतं, ताकदीचं मात्र पुरेसं येत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

जोर किती लागतोय हे मोजायचं असेल तर सर्वात खात्रीचं साधन म्हणजे बोलणं. खेळताना एक पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, तर तो मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांतच श्वास घ्यावा लागला तर एक मिनिट बाजूला व्हा. मनगटी घड्याळ असेल तर कमाल ठोक्यांचा अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा काढतात. पासष्टीला तो साधारण १६२ येतो आणि मध्यम व्यायामाची पट्टी १०४ ते १२३ च्या आसपास. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर हा हिशेब विसरा. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही, आणि घड्याळावरचा आकडा पाहून माणूस नको तितका जोर लावत राहतो.

वजन मात्र नुसत्या या खेळाने उतरेल अशी आशा धरू नका.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं का?

रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्या आणि काहीही त्रास नसलेल्या माणसाने हळूहळू सुरुवात करायला हरकत नसते. पण पुढीलपैकी काहीही असेल तर आधी विचारा: छातीत दुखणं किंवा जड वाटणं, जिने चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर किंवा बेशुद्धी, अनियमित ठोके, पूर्वी झालेला हृदयविकार, स्टेंट किंवा बायपास, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आणि कित्येक वर्षांत काहीच व्यायाम न केलेला असणं.

डॉक्टरांना 'चालू का?' एवढंच विचाराल तर 'चाला' हेच उत्तर मिळेल. म्हणून नीट सांगा: पाऊण तास, थांबत-निघत, मध्ये मध्ये पूर्ण वेगाने चालणं, वळणं आणि अधूनमधून पडण्याची शक्यता. ईर्षेचाही खेळ आहे हेही सांगा. माणूस एकटा चालताना दमला की थांबतो, संघात असला की थांबत नाही.

गुडघे झिजलेत. खेळलं तर आणखी झिजतील का?

धावताना पाय टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार जमिनीवर आदळतो, चालताना तो वजनाहून थोडाच जास्त असतो. या खेळाला 'कमी आघाताचा' म्हणतात तो याच कारणाने. झिजलेल्या गुडघ्याला बेतशीर हालचाल आणि मांडीची ताकद हवीच असते. अडचण येते ती वळण्यात. पाय जमिनीत रुतलेला आणि वरचं शरीर फिरलेलं, ही स्थिती गुडघ्याला सोसत नाही. वळताना एका जागी गिरकी घेऊ नका, दोन-तीन छोटी पावलं टाकून वळा.

मोजमाप साधं ठेवा. खेळताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत झालं, तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज असेल किंवा जिना उतरताना जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी खेळाची मिनिटं निम्मी करा. गुडघा अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल तर खेळ थांबवून तपासणी करून घ्या.

गुडघा किंवा खुबा बदललेले लोकही हा खेळ खेळतात, पण ती परवानगी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनीच द्यायची. कृत्रिम खुबा असलेल्यांनी खोल वाकणं आणि पाय आडवा टाकून वळणं याबद्दल त्यांना मुद्दाम विचारावं.

रोजच्या गोळ्यांमुळे काही सांभाळावं लागतं का?

लागतं, आणि याबद्दल मैदानावर कोणी बोलत नाही.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी असेल तर बसलेलं किंवा वाकलेलं असताना एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. लेस बांधून उठताना दोन क्षण थांबा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी कमी पडतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल आणि डोक्याला मार बसला, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचं. आतला रक्तस्राव काही तासांनीही दिसू शकतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनमुळे काहींचे स्नायू दुखतात. दोन्ही बाजूंना सारखंच दुखत असेल आणि खेळाशी वेळ जुळत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

सिप्रोफ्लोक्सॅसिन आणि लिव्होफ्लोक्सॅसिन या गटातल्या अँटिबायोटिक गोळ्या टाचेच्या वरची अकिलीस शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, रक्तवाहिनी नव्हे) कमजोर करू शकतात, आणि साठीनंतर हा धोका जास्त असतो. स्टिरॉइडही चालू असतील तर आणखी जास्त. अशा गोळ्यांचा कोर्स चालू असताना खेळू नका, संपल्यावर कधी परतायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि टाचेवर दुखू लागलं तर लगेच दाखवा.

आणि संकोच बाजूला ठेवून सांगायची गोष्ट: लिंगाच्या ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टॅडालाफिल ४८ तासांत घेतलेली असताना छातीत दुखलं, तर जिभेखालची नायट्रेटची गोळी घ्यायची नाही. रक्तदाब धोकादायक पातळीला कोसळतो. मदतीला आलेल्यांना हे सांगायलाच हवं.

रक्तदाब किंवा साखर किती असेल तर त्या दिवशी खेळू नये?

बसून पाच मिनिटं विश्रांती घेतल्यावरही रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी बघायला या, खेळायला नको.

मधुमेहात इन्शुलिन किंवा साखर थेट उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खेळाआधी तपासावं. ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम पिष्टमय किंवा गोड काही खा. २५० च्या वर असेल आणि अंगात बरं नसेल किंवा लघवीत कीटोन असतील तर खेळू नका. खेळताना थरथर, घाम, चिडचिड किंवा भलतीकडेच पास जायला लागले तर साखर तपासा. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. साखर त्याच रात्रीही उतरू शकते, कारण स्नायू खेळानंतर बराच वेळ ती ओढत राहतात. घरी आल्यावर पावलं नीट पाहा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि बुटातला खडा तासभर टोचत असूनही कळत नाही.

बूट कोणते घ्यावेत?

आखूड कृत्रिम गवतासाठी तळाला भरपूर बारीक रबरी गुट्ट्या असलेले टर्फचे बूट, आणि लाकडी किंवा सिंथेटिक फरशीवर सपाट रबरी तळाचे इनडोअर बूट. लांब खुंट्यांचे गवताळ मैदानाचे बूट कृत्रिम गवतावर घालू नका. खुंटी गवतात अडकते, पाय तिथेच राहतो आणि गुडघा पिळवटतो. धावण्याचे जाड, मऊ तळाचे बूटही योग्य नाहीत. ते सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात, बाजूला वळताना घोटा त्यांच्यावरून कलंडतो.

बूट संध्याकाळी, खेळताना घालता तेच मोजे घालून बघा. दिवसअखेर पाय थोडे फुगलेले असतात. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. वयाप्रमाणे पाऊल पसरतं, त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीचा नंबर सांगू नका, पाऊल मोजा. शिनगार्ड घाला. खेळ स्पर्शाविना म्हटला तरी नडगीवर लाथ बसतेच.

चेंडू आणि मैदान कसं असावं?

४ नंबरचा, कमी उसळणारा फुटसालचा (पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलचा) चेंडू सर्वात सोयीचा: घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. तो जमिनीलगत राहतो, त्यामुळे उंचीचा फाऊल कमी होतो आणि चेंडूमागे पळायचा मोहही. बाहेरच्या गवतावर ५ नंबर चालेल, फक्त हवा खालच्या मर्यादेपाशी, ०.६ बारच्या आसपास ठेवा.

मैदान ४० बाय २० मीटर असलं की सहा-सहा जणांना पुरतं. पूर्ण फुटबॉल मैदानावर कधीही खेळू नका. जागा जास्त झाली की न पळता चेंडूपर्यंत पोचताच येत नाही. खूप लहान जागेत उलट गर्दी होते आणि पायात पाय अडकतात. गोल रुंद आणि बुटका असावा, म्हणजे गोलकीपरला उडी मारावी लागत नाही. गोल जमिनीला बांधलेला किंवा वजन ठेवून पक्का केलेला हवा. सुटा गोल अंगावर उलटला तर जीवही जाऊ शकतो.

खेळाआधी मैदानावरून एक फेरी मारा. ओलसर कोपरा, उखडलेला जोड, विसरलेला शंकू.

वॉर्मअप किती आणि कसा?

पंधरा मिनिटं, आणि ती खेळाच्या वेळेतूनच काढायची. 'लवकर येणाऱ्यांनी करावा' असं ठेवलं की कोणीच करत नाही.

पहिली ४ मिनिटं मैदानाभोवती चालणं, शेवटचं मिनिट भरभर. मग जागेवर घोटे फिरवणं, गुडघे कमरेपर्यंत उचलणं, खुब्यातून पाय पुढे-मागे आणि बाजूला झुलवणं, प्रत्येकी १० वेळा. तोल जात असेल तर कुंपणाचा किंवा जोडीदाराच्या खांद्याचा आधार घ्या. नंतर चवड्यांवर उचलून सावकाश खाली येणं, १० चे दोन फेरे. हे कधीही गाळू नका, पोटरीची दुखापत इथेच टळते. पुढे बाजूला सरकत १० पावलं जाऊन परत, चार वेळा. एका पायावर २० सेकंद उभं राहणं, दोन्ही बाजूंना. शेवटची ४-५ मिनिटं जोडीने ५ मीटरवरून पास, मग चालता चालता पास.

एका जागी धरून ठेवलेले लांब ताण खेळानंतर करा. आधी हालचाल हवी. मध्यंतरात दहा मिनिटं बसून राहिलात तर स्नायू पुन्हा थंड होतात, म्हणून परत उतरताना दोन मिनिटं चाला आणि चवड्यांचे दहा उठाव करा.

सर्वात जास्त दुखापती कोणत्या आणि कशामुळे?

पोटरी पहिली. चित्र ठरलेलं असतं: पहिल्या दहा मिनिटांत किंवा शेवटच्या दहा मिनिटांत, सुटलेल्या चेंडूकडे एकदम झेप, आणि मागून कोणी काठी मारल्यासारखं वाटतं. माणूस वळून बघतो तर मागे कोणीच नसतं. वयाप्रमाणे झपाट्याने आकुंचन पावणारे स्नायूतंतू कमी होतात आणि शिरा ताठर होतात. मन पंचविशीतलं आणि पोटरी पासष्टीतली, ही जोडी त्या एका झेपेत उघडी पडते. न धावण्याचा नियम हृदयासाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचा पहिला लाभ पोटरीला होतो.

दुसरं म्हणजे पडणं, आणि पडण्याचं मुख्य कारण उलटं चालणं. चेंडूवर नजर ठेवून मागे जाताना टाच अडकते, माणूस हात मागे टेकतो आणि मनगट मोडतं. यावर उपाय शिकवता येतो: मागे जायचं असेल तर आधी एक पाय मागे टाकून अंग आडवं करा, मग खांद्यावरून चेंडूकडे बघत पुढच्या दिशेने चाला. दर आठवड्याला पाच मिनिटं याचा सराव घ्या. चेंडूवर पाय देऊन उभं राहणं हेही पडण्याचं कारण. चेंडू तळव्याने न दाबता पावलाच्या आतल्या बाजूने थांबवा.

मग जांघेतला स्नायू, हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) आणि बोटांवर बसलेले टोले.

पोटरीत दुखलं तर काय करायचं? 'चालवून काढलं' तर जातं का?

जात नाही, वाढतं. खेळ तिथेच थांबवा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दाबपट्टी, पाय उंच. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक आणि चोळणं नको. न लंगडता चालता येईपर्यंत खेळ नाही, आणि त्या एका पायाच्या चवड्यावर विनावेदना १५-२० वेळा उचलता येईपर्यंत सामना नाही. परतण्याची घाई केलेली पोटरी त्याच जागी पुन्हा फाटते.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. टाचेच्या वर 'टक्' असा आवाज आला आणि चवड्यावर उभंच राहता येत नाही, तर अकिलीस शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा, दुखणं कमी असलं तरीही. आणि काही मार लागलेला आठवत नसताना एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, तातडीने दाखवा. सोबत धाप लागत असेल तर रुग्णवाहिका बोलवा.

पहिले दोन महिने किती खेळावं?

आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. पहिले दोन आठवडे ५-५ मिनिटांचे चार डाव, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. पुढचे दोन आठवडे ७ मिनिटांचे चार. मग १२ मिनिटांचे तीन. सातव्या-आठव्या आठवड्यात २० मिनिटांचे दोन. पहिल्याच दिवशी छान वाटलं म्हणून तासभर खेळणारा दुसऱ्या आठवड्यात दिसत नाही. श्वास दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, शिरा आणि स्नायूबंध त्याहून खूप सावकाश. या अंतरातच दुखापती होतात.

महिनाभर खंड पडला तर निम्म्यावरून सुरू करा.

बाकीच्या दिवशी घरी काय करावं?

आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, १० चे तीन फेरे. बसताना तीन आकडे मोजत खाली या. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर, एका पायाने सावकाश खाली, प्रत्येकी १० चे दोन-तीन फेरे. उताणं झोपून गुडघ्यांमध्ये उशी किंवा चेंडू दाबून १० सेकंद धरणं, ८ वेळा; हा जांघेसाठी. पाठीवर झोपून कंबर उचलणं, १२ चे दोन फेरे, हॅमस्ट्रिंगसाठी. शेवटी दात घासताना एका पायावर उभं राहणं, हात बेसिनजवळ ठेवून. जोर लावताना श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो.

पूर्वी चांगला खेळायचो. इथे पासच का जुळत नाहीत?

कारण तुम्ही अजून रिकाम्या जागेत पास देताय. धावत्या फुटबॉलमध्ये सहकाऱ्याच्या पुढे चेंडू टाकायचा असतो. इथे तो तिथे पोचणारच नाही. भरभर चालणारा माणूस सेकंदाला दीड-पावणेदोन मीटर जातो, आणि जमिनीवरून नीट मारलेला पास तेवढ्यात आठ-दहा मीटर. चेंडू पायावर द्या, फार तर अर्धा पाऊल पुढे. अडवणारा कधीच चेंडूइतका वेगवान नसतो, म्हणून दहा मीटरवरचा खणखणीत पास पाच मीटरवरच्या दुबळ्या पासपेक्षा सुरक्षित.

पास दिलात की तिथे उभे राहू नका. दोन पावलं बाजूला व्हा, म्हणजे चेंडूवाल्याला तुम्ही दिसाल. चेंडूवाल्याजवळ दोघांनी तिरकं उभं राहून त्रिकोण करायचा, एका ओळीत नाही. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघा आणि अंग अर्धं आडवं ठेवून घ्या, म्हणजे पहिल्या स्पर्शातच पुढे जाता येतं. मागे परतायला वेळ लागतो, त्यामुळे सगळे जण पुढे गेले की गोल खाल्लाच म्हणून समजा. एकाने कायम मागे थांबावं, आळीपाळीने.

गोलकीपरने काय सांभाळावं?

पडून अडवू नये. पाय, नडगी आणि वाकलेलं अंग यांनी अडवावं. हातमोजे हवेतच, बोटं उलटी वळतात. चेंडू खालून हाताने लोटावा. जागेवर उभा राहून तो थंड पडतो, म्हणून दर दहा मिनिटांनी बदला.

एक जण सतत पळतो आणि चिडतो. काय करावं?

त्याला दोन डाव पंच करा. शिट्टी हातात आली की नियम दिसायला लागतो, आणि बहुतेक जण सुधारतात. तरी नाही सुधारला तर सांघिक शिक्षा लावा: एका डावात संघाचे तीन धावण्याचे फाऊल झाले की समोरच्यांना पेनल्टी. मग त्याला आवरायचं काम त्याचे सहकारी करतात. दर वेळी संघ नव्याने पाडा. कायमचे संघ झाले की जुनी भांडणं मैदानावर येतात.

गट सुरू करायला किती माणसं आणि काय सामान लागतं?

बारा जण खेळायला हवे असतील तर यादीत अठरा-वीस ठेवा. कोणाचा दवाखाना, कोणाचा प्रवास, कोणाचा गुडघा. सामान: दोन चेंडू, संघ ओळखायला दोन रंगांचे बिब (शर्टावरून घालायची बंडी), शिट्टी, शंकू, हवा भरायचा पंप, प्रथमोपचार पेटी, बर्फ, ग्लुकोज आणि बाजूला चार-पाच खुर्च्या. प्रत्येकाच्या बॅगेत एक कार्ड: नाव, आजार, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्यांचा फोन.

मैदान निवडताना स्वच्छतागृह किती जवळ आहे ते बघा. प्रोस्टेट वाढलेले पुरुष ते लांब असेल तर पाणी पिणंच टाळतात, आणि मग चक्कर येते. वयाप्रमाणे तहानही कमी जाणवते, म्हणून तहानेची वाट न बघता प्रत्येक विश्रांतीत काही घोट घ्यावेत; हृदयामुळे किंवा मूत्रपिंडामुळे पाण्याचं माप ठरलेलं असेल तर ते पाळावं.

चष्मा आणि कानाचं यंत्र लावून खेळता येतं?

काचेचा चष्मा नको. पॉलिकार्बोनेट भिंगाचा, डोक्यामागे पट्टा असलेला खेळाचा चष्मा घ्या. जवळ-लांब दोन्ही दिसणाऱ्या भिंगांतून खाली बघताना जमीन धूसर दिसते आणि पावलाचा अंदाज चुकतो, म्हणून फक्त लांबच्या नंबरचा बनवा. कानाचं यंत्र काढून ठेवणार असाल तर पंचाला सांगा. त्याने शिट्टीसोबत हातही वर करावा.

मैदानावर कोणाच्या छातीत दुखलं किंवा कोणी कोसळलं तर?

हे आधी ठरलेलं असायला हवं: फोन कोण करणार, फाटकावर कोण जाणार, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे आहे. छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, मळमळ यांपैकी काहीही असेल तर बसवा, चालायला लावू नका आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. 'गॅस असेल' हे वाक्य मैदानावर बंद करा.

माणूस कोसळला, हाकेला उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर वेळ घालवू नका. अधूनमधून येणारा घुसमटल्यासारखा श्वास हा श्वास नव्हे. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी दाबणारा बदला, दमलेले हात वरवर दाबतात. डिफिब्रिलेटर आला की लगेच सुरू करा, तो पुढच्या सूचना बोलून देतो. झटक्याला उशीर झालेल्या दर मिनिटामागे वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गटातल्या किमान चौघांनी हे प्रत्यक्ष पुतळ्यावर शिकून घ्यावं, आणि त्यातले दोघे प्रत्येक खेळाला हजर असावेत.

खेळ संपल्यावर लगेच बसलं तर चालतं का?

पाच मिनिटं सावकाश चाला. एकदम थांबलं की पायांत उतरलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्तच. त्यानंतर पोटरी, मांडीची मागची बाजू आणि जांघ, प्रत्येकी ३० सेकंद ताण, दोनदा. कोणी नेहमीपेक्षा गप्प असेल किंवा रंग उतरलेला दिसला तर त्याला एकट्याला गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका.